द्राक्षवेल, बोगनवेल आणि झाडांच्या लाकडाचं घनफळ कसं मोजायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बॉटनीचा प्रोजेक्ट असो, सोसायटीतल्या झाडांमध्ये कार्बन किती साठलाय याचा हिशोब असो किंवा घरच्या द्राक्षबागेत कुठल्या वेलीत जुनं लाकूड जास्त आहे हे बघायचं असो, सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते. लाकूड मोजायचं कसं? सरळसोट सागाचा ओंडका असेल तर वखारीतला कोणीही सांगेल, पण वाकडा, पिळलेला, सालीची लक्तरं लोंबणारा द्राक्षवेल किंवा चाळीच्या गॅलरीला मिठी मारून बसलेली बोगनवेल समोर आली की टेप कुठे लावायची इथपासून गोंधळ सुरू होतो. मी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हे सगळं केलंय, वेल नाशिककडचे होते आणि मोजमाप बरंचसं मुंबईत, त्यामुळे दोन्हीकडच्या अडचणी माहिती आहेत. ज्या क्रमाने करावं असं मला वाटतं त्या क्रमाने लिहितेय.

वेलीच्या जुन्या लाकडात, म्हणजे खोडात, ओलांड्यांत (खोडातून फुटून तारेवर आडव्या गेलेल्या जुन्या फांद्यांत) आणि मुळांत स्टार्च साठवलेला असतो आणि छाटणीनंतर डोळे फुटतात तेव्हा नवीन पानं स्वतःचं अन्न बनवायला लागेपर्यंत वेल त्या साठ्यावर जगतो. म्हणून लाकूड किती आहे हा प्रश्न नुसता आकड्यांचा नाही, वेलीच्या गंगाजळीचा आहे.

१. आधी ठरवा, "लाकूड" कशाला म्हणायचं

हे कागदावर लिहून ठेवल्याशिवाय टेप हातात घेऊ नका. तीन गोष्टी ठरवायच्या. साल धरायची की नाही? वर्षाची नवीन काडी धरायची की फक्त दोन वर्षांच्या पुढचं लाकूड? आणि किती जाडीच्या खालचं सोडून द्यायचं? तिन्हींचं उत्तर काहीही असलं तरी चालेल, फक्त पहिल्या वेलीपासून शेवटच्या वेलीपर्यंत तेच पाहिजे. मी साल सैल असेल तेवढी काढून, खालची घट्ट साल धरून मोजते आणि काड्या वेगळ्या रकान्यात ठेवते.

आणि एक, केळ, पपई, नारळ, बांबू हे या यादीत घेऊ नका. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी, पपई आतून पोकळ आणि मऊ, नारळाच्या खोडात दरवर्षी नवीन लाकडाचा थर चढतच नाही. सोसायटीच्या गणनेत लोक नारळाला सरसकट आंब्याचं सूत्र लावतात, ते चुकीचं आहे.

२. काय काय लागेल

सामान:
- व्हर्निअर कॅलिपर, १५० मिमीचा. डिजिटल सोपा पडतो, पण साधा स्टीलचाही उत्तम. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत भरपूर पर्याय मिळतात. प्लॅस्टिकचा घेऊ नका, त्याचे जबडे दाबले की वाकतात.
- फायबरग्लासची मोजपट्टी. शिंप्याची कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते, तिची आधी स्टीलच्या पट्टीशी तुलना करा.
- न ताणणारी सुतळी किंवा मासेमारीचा दोरा, वाकड्या खोडाची लांबी घ्यायला.
- डिजिटल वजनकाटा, ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅम दाखवणारा. किचनचा चालतो.
- बादली किंवा मोठा पारदर्शक डबा, लांब दाभण किंवा सायकलच्या चाकाची तार, मेणबत्ती, जुना टॉवेल.
- छाटणीची कात्री, खडू, पेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही, पेन्सिल चालते.

कागदपत्रं:
- कॉलेजचं पत्र, गाईडच्या सहीचं.
- सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी. नुसतं मोजायला कायद्याने काही लागत नाही, पण अनोळखी माणूस झाडाला टेप गुंडाळतोय म्हटल्यावर वॉचमन विचारणारच, आणि झाड तोडणार आहेत अशी अफवा उठायला पाच मिनिटं लागत नाहीत.
- शेतकऱ्याच्या बागेत जाणार असाल तर त्यांची संमती, आणि आधी फोन. फवारणी झालेली असेल तर त्या दिवशी बागेत शिरायचं नाही.

मुंबईत झाडाची फांदी आपल्या मनाने कापता येत नाही, १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखाली महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. तोडायला तर लागतेच, छाटायलाही लागते. म्हणून कापलेल्या लाकडाचे नमुने हवे असतील तर पावसाळ्याआधी पालिकेची छाटणी चालू असते तेव्हा तिथल्या माणसांना विचारून घ्या. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधून पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही.

३. द्राक्षवेलीचे तुकडे पाडा (कात्रीने नाही, कागदावर)

उभा वेल पाण्यात बुडवता येत नाही, त्यामुळे जिवंत वेलीला भूमितीच लावायची. पूर्ण वेल एकदम बघितला की हात गळतात, पण तो भागांत वाटला की काम सोपं होतं. बागायतदार जे शब्द वापरतात तेच वापरा, कारण बागेत मदतीला उभा असलेला माणूस त्याच शब्दांत बोलणार आहे: खोड, ओलांडे, आणि ओलांड्यावरच्या काड्या. खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर, कलम केलेला वेल असेल, आपल्याकडे डॉगरीज या जातीचा खुंट बराच दिसतो, तर कलमाच्या जोडाच्या खालचा आणि वरचा भाग वेगळा लिहा. बरेचदा जोडाच्या वरखाली जाडी एकदम बदललेली दिसते आणि तिथून एकच सरासरी घेतली तर आकडा बिघडतो.

मग प्रत्येक भाग पुन्हा छोट्या तुकड्यांत. नियम एकच, जिथे डोळ्याला जाडी बदललेली दिसते तिथे खडूची रेघ. सरळ खोडाला २५-३० सेंमीचा तुकडा चालतो, पण खोडाचं डोकं जिथून ओलांडे फुटतात तिथे जुन्या छाटण्यांच्या गाठी असतात, तिथे ५-५ सेंमीचे तुकडे करा. कंटाळा येतो, पण वेलीच्या लाकडाचा चांगला वाटा त्या गाठीत असतो.

कधी जायचं? खरड छाटणी झाल्या झाल्या, म्हणजे एप्रिलच्या आसपास. तेव्हा काड्या एका डोळ्यावर कापलेल्या असतात, पानं नसतात आणि ओलांडा पूर्ण उघडा दिसतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरही मोजता येतं, पण तेव्हा ठेवलेल्या काड्या बऱ्याच असतात आणि डोळे फुगायला लागले की कॅलिपर लावताना डोळा मोडतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो डोळा म्हणजे घड आहे, तेवढं भान ठेवा.

४. जाडी मोजा, आणि इथे वेळ द्या

सगळ्या लेखातला हा भाग नीट वाचा. घनफळात लांबी एकदा येते आणि जाडी दोनदा, म्हणजे जाडीचा वर्ग येतो. लांबीत १० टक्के चूक झाली तर घनफळात १० टक्केच चूक. पण १० मिमीची काडी तुम्ही ११ मिमी लिहिलीत तर घनफळ २१ टक्क्यांनी वाढलं! म्हणून लांबीचा अर्धा सेंमी इकडेतिकडे झाला तरी झोप उडवून घेऊ नका, जाडीच्या अर्ध्या मिलीमीटरसाठी मात्र परत वाका.

कसं घ्यायचं: मोजायच्या जागी सालीची सैल लक्तरं बोटाने हळूच सोडवा. द्राक्षाची जुनी साल लांब पट्ट्यांनी निघते आणि तिच्याखाली हवा असते, तीसकट मोजलं तर तुम्ही हवा मोजताय. नखाने खरवडू नका, खालचा हिरवट-पांढरा थर जिवंत आहे. कॅलिपर लावा, नुसता टेकवा, दाबू नका. आकडा लिहा. मग कॅलिपर काटकोनात फिरवा आणि दुसरा आकडा लिहा. वेलीचं खोड गोल असतं हा गैरसमज आहे, काडीसुद्धा थोडी चपटी असते. दोन्ही जाड्यांचा गुणाकार × ०.७८५४ केला की छेदाचं क्षेत्रफळ मिळतं, लंबगोल छेदालाही हे चालतं.

काडी मोजताना पेरावर, म्हणजे डोळ्यापाशी फुगलेल्या जागी कॅलिपर लावायचा नाही. दोन पेरांच्या मधोमध लावायचा.

जाड खोडाला लोक टेपने घेर घेतात. घेरावरून घनफळ: घेर × घेर × लांबी ÷ १२.५७. सोपं आहे, पण लक्षात घ्या की एकाच घेरात जास्तीत जास्त क्षेत्रफळ गोलाचं असतं, त्यामुळे खोड खाचाखोचांचं असलं की टेप खाचेत न शिरता वरून जाते आणि घनफळ कायम जास्तच येतं, कधीच कमी येत नाही. जुन्या बोगनवेलीच्या खोडाला तर इतक्या खोल पन्हळी असतात की तिथे घेर विसराच. तिथे तीन-चार दिशांनी कॅलिपर लावा आणि सरासरी घ्या. हातमोजे घाला, काटे उलटे वाकडे शिरतात.

५. लांबी

सुतळी खोडाच्या कडेने, वळणाच्या ना बाहेरून ना आतून, मधल्या रेषेने धरा. वळणाच्या बाहेरून नेली की लांबी वाढते. वेल तारेला पीळ घालून गेला असेल तर सुतळीही तशीच पीळ घेत न्यायची. संपलं.

६. सूत्र कुठलं लावायचं

तुकड्याच्या दोन्ही टोकांची जाडी सारखीच असेल तर वाद नाही, क्षेत्रफळ गुणिले लांबी. निमुळता असेल तर चार पद्धती प्रचलित आहेत:

दोन्ही टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी × लांबी, हे स्मॅलियनचं सूत्र. फक्त मधल्या क्षेत्रफळाला लांबीने गुणायचं, हे ह्यूबरचं. दोन्ही टोकं आणि मध्याच्या चौपट, सगळ्याची बेरीज करून सहाने भागायचं आणि लांबीने गुणायचं, हे न्यूटनचं. आणि तुकडा छाटलेल्या शंकूसारखा धरला तर लांबी × ०.२६१८ × (मोठ्या जाडीचा वर्ग + दोन्ही जाड्यांचा गुणाकार + छोट्या जाडीचा वर्ग).

उदाहरण घ्या. ओलांडा एका टोकाला ४ सेंमी, दुसऱ्याला ३ सेंमी, लांबी १२० सेंमी. शंकूने ११६२ घनसेंमी येतात, स्मॅलियनने ११७८, ह्यूबरने ११५५. शंकूच्या आकड्यापासून फरक दीड टक्क्याच्या आत, कुठलंही वापरा. आता खोडाचा तळ बघा, १० सेंमीवरून ४ सेंमीपर्यंत उतरणारा १ मीटरचा तुकडा. शंकूने ४०८४, न्यूटननेही ४०८४, पण स्मॅलियन सांगतो ४५५५ आणि ह्यूबर ३८४८. म्हणजे एक ११ टक्क्यांहून जास्त वर आणि दुसरा जवळजवळ ६ टक्के खाली. म्हणूनच तुकडे छोटे पाडा म्हणते, तुकडा छोटा असला की सूत्राचं भांडणच मिटतं.

वखारीतलं पाव-घेराचं सूत्र, घेराचा चौथा भाग गुणिले स्वतः गुणिले लांबी, हे इथे आणू नका. ते मुद्दामच कमी दाखवतं, खऱ्या घनफळाच्या साधारण ७८.५ टक्के. लाकूड चिरताना वाया जाणारा भाग त्यात आधीच वजा धरलाय. व्यापाराला ठीक, आपल्याला नाही.

७. पाण्याने ताळा घ्या

भूमितीवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. छाटणीत निघालेल्या किंवा उपटून टाकलेल्या वेलीचे काही तुकडे आणा, ते आधी कॅलिपरने मोजा आणि मग पाण्यात. दोन आकडे जुळतायत का बघा. तुमच्या हाताची सवय, साल दाबण्याची वृत्ती, सगळं इथे कळतं आणि तेवढी दुरुस्ती उभ्या वेलींच्या आकड्यांना लावता येते.

नाशिकहून नमुने आणताना ओल्या गोणपाटात गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि त्याच दिवशी मोजून टाकायचं. पंचवटी एक्सप्रेसने येणार असाल तर गर्दीत काड्या मोडतात, आधीच १५-१५ सेंमीचे तुकडे करून चिठ्ठी लावून आणा. लाकूड वाळलं की आक्रसतं, आणि आपल्याला ताज्या लाकडाचं घनफळ पाहिजे.

पद्धत: बादली काट्यावर ठेवा, अर्ध्याहून थोडं जास्त पाणी भरा, काटा शून्यावर आणा. तुकड्याला वरून दाभण खुपसून तो पूर्ण पाण्याखाली दाबून धरा, पण तळाला किंवा बाजूला लागता कामा नये. काट्यावर जेवढे ग्रॅम वाढले तेवढे घनसेंमी घनफळ. तुकड्याने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्याच वजनाचा दाब बादलीवर येतो, म्हणून हे चालतं. पातळीची रेघ बघत बसायला नको, मोजपात्रही नको. मुंबईतल्या ३० अंशांच्या पाण्याची घनता एकापेक्षा अर्ध्या टक्क्यानेही कमी नसते, सोडून द्या.

बुडबुड्यांकडे लक्ष ठेवा. पाण्यात घातल्या घातल्या सालीच्या भेगांतून आणि कापलेल्या टोकांतून बारीक बुडबुडे सुटतात, टोकापाशी तर अक्षरशः मण्यांची माळ लागते, कारण द्राक्षाच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या मोठ्या असतात, कापलेल्या तोंडावर नुसत्या डोळ्यांना भोकं दिसतात. म्हणून टोकांना आधी मेणाचा पातळ हात द्या. सालीवर चिकटलेले बुडबुडे तुकडा हलकेच झटकून काढा आणि मग आकडा वाचा.

इथले सापळे:
- तुकडा सोडून दिला आणि तो तरंगला, किंवा बुडून तळाला टेकला, तर काटा त्याचं वजन दाखवतो, घनफळ नाही. जड ओलं लाकूड बुडत असेल तर दोऱ्याने टांगून धरा.
- लाकडाने पाणी शोषलं की काटा तेवढं कमी दाखवतो. तुकडा बुडवायच्या आधी आणि नंतर, टॉवेलने टिपून, वजन करा आणि वाढलेले ग्रॅम घनफळात मिळवा.
- बोट पाण्यात गेलं की बोटाचंही घनफळ मोजलं जातं. दाभण बारीक हवी ती याचसाठी.
- काट्याची मर्यादा बघा. बादली, पाणी आणि तुकड्याचं घनफळ मिळून ५ किलोच्या आत पाहिजे.
- पंखा बंद. वाऱ्याने काटा नाचतो.

८. ढीगभर काड्यांचं काय

खरड छाटणीनंतर एका वेलीखाली काड्यांचा भारा पडतो, एकेक मोजायला बसलात तर रात्र होईल. सगळ्या काड्यांचं एकत्र वजन करा. मग त्यातून बारीक, मध्यम, जाड अशा थोड्या थोड्या उचला, त्यांचं वजन आणि पाण्यातलं घनफळ घ्या, आणि त्या प्रमाणात पूर्ण भाऱ्याचं काढा. समजा नमुन्याचं वजन ४७५ ग्रॅम आणि घनफळ ५०० घनसेंमी आलं, आणि भारा ३.८ किलोचा आहे, तर घनफळ ४ लिटर. फक्त जाड जाड काड्या उचलण्याचा मोह आवरा. आणि वजन बागेतच करा, उन्हात पडलेली काडी तासातासाला हलकी होते.

९. सोसायटीतल्या झाडांसाठी

झाडाचा घेर आपल्याकडे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात. उतारावर असेल तर चढाच्या बाजूने. त्या उंचीवर गाठ किंवा फांदी आली तर थोडं वर सरका आणि शेऱ्यात लिहा. १.३७ च्या खालीच दोन खोडं झाली असतील तर दोन्ही वेगळी मोजा. वडाच्या पारंब्या जमिनीत रुतून खोडासारख्या झालेल्या असतील तर त्याही वेगळ्या.

समजा खोडाचा घेर खाली ११० सेंमी आणि तिथून ३ मीटर वर, पहिल्या फांदीखाली, ९४ सेंमी. क्षेत्रफळं साधारण ९६३ आणि ७०३ चौसेंमी, सरासरी ८३३, म्हणजे घनफळ ०.२५ घनमीटर, जवळपास ८.८ घनफूट. वर शिडी लावून चढू नका, खालून फोटो काढून त्यात मोजपट्टी दिसेल असं करा, किंवा पूर्ण झाडासाठी त्या जातीचं तयार सूत्र वापरा. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने अनेक जातींची अशी सूत्रं काढली आहेत. पण जंगलातल्या सरळ झाडाचं सूत्र आपल्या रस्त्याकडेच्या, वायरींसाठी एका बाजूने दरवर्षी छाटलेल्या गुलमोहराला तसंच्या तसं लागू पडत नाही, त्याला शेरा जोडा. आणि खोडावर थाप मारून बघा, जुनी झाडं आतून पोकळ असतात आणि टेपला ते दिसत नाही.

फोनवरच्या थ्रीडी स्कॅनबद्दल विचारणारे बरेच भेटतात. जाड खोडाला छान, पण बोटाएवढ्या काडीवर ते डगमगतं, वाऱ्याने हललेली काडी तर जाडजूड दाखवतं. मी फक्त खोडाच्या गाठींसाठी वापरेन, आणि तेही पाण्याशी ताळा घेऊन.

१०. घनफळावरून पुढे

कार्बन काढायचा असेल तर घनफळ पुरत नाही, कोरडं वजन लागतं. पाण्यात मोजलेलेच तुकडे लॅबच्या ओव्हनमध्ये साधारण १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, मेण लावलेली टोकं आधी पातळ कापून टाका आणि तेवढं घनफळ वजा करा. कोरडं वजन भागिले ताजं घनफळ ही तुमच्या लाकडाची घनता. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत गच्चीवर वाळवलेलं लाकूड वाळलेलं नसतं, हाताला कितीही कोरडं लागू दे. घरचा ओटीजी वापरू नका, तापमान वरखाली होतं आणि लाकूड करपतं. ओव्हनमधून काढलेला तुकडा गार होईपर्यंत डेसिकेटरमध्ये, म्हणजे लॅबमधल्या ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा, उघड्यावर ठेवलात तर काट्यापर्यंत नेईस्तोवर तो हवेतली ओल ओढतो.

कोरड्या वजनाचा कार्बन धरताना ०.४७ हा गुणक सर्रास वापरतात, आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचं असेल तर त्याला ३.६७ ने गुणा. १० लिटर लाकूड, घनता समजा लिटरला ०.६ किलो, तर कोरडं वजन ६ किलो, कार्बन २.८२ किलो, कार्बन डायऑक्साइड साधारण १०.३ किलो.

नोंदवहीचे रकाने असे पाडा: वेल किंवा झाड क्रमांक, भाग, तुकडा क्रमांक, लांबी, खालच्या टोकाच्या दोन जाड्या, वरच्या टोकाच्या दोन जाड्या, साल धरली का, मोजणाऱ्याचं नाव, तारीख, शेरा. गणित बागेत करायचं नाही, नुसते कच्चे आकडे लिहायचे, आणि निघण्याआधी दर पानाचा फोटो काढून गाईडला किंवा घरी कोणाला तरी पाठवून ठेवायचा.